वॉशिंग सेंटरचा जुना कंट्रोल पॅनल : बिघाड कसा शोधायचा आणि पॅनल केव्हा बदलायचा?

आजचा पाठ इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडच्या मुलामुलींसाठी आहे. पण ज्यांच्या घरचं किंवा नात्यातलं वॉशिंग सेंटर आहे, त्यांनीही तो वाचावा. आपल्या धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा, आणि नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा. या रस्त्यांच्या कडेला आणि प्रत्येक तालुक्याच्या गावाला गाड्या धुण्याची सेंटरं दिसतात. एक रॅम्प किंवा हायड्रॉलिक लिफ्ट, एक प्रेशर पंप, एक कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी, आणि भिंतीवर एक गंजलेली पत्र्याची पेटी. ती पेटी म्हणजेच कंट्रोल पॅनल.

ही पेटी दहा-बारा वर्षांची झाली की कुरकुर सुरू होते. कधी मोटार उचलत नाही, कधी मध्येच बंद पडते, कधी कॉन्टॅक्टर खटखट वाजतो. मालक म्हणतो, "पॅनल गेला, नवा टाका." आजच्या पाठाचा मुद्दा इथेच आहे. पॅनल तक्रार दाखवतो, याचा अर्थ दोष पॅनलमध्येच आहे असं नाही. आधी मोजायचं, मग ठरवायचं, मग बदलायचं.

१) पॅनलच्या आत काय असतं?

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. वॉशिंग सेंटरचा पॅनल हा त्याचाच भाऊ. फरक इतकाच की इथे एकाच पेटीत दोन-तीन स्टार्टर शेजारी शेजारी बसवलेले असतात : प्रेशर पंपाचा, कॉम्प्रेसरचा आणि बोअरच्या सबमर्सिबलचा. प्रत्येकात साधारण हे भाग असतात.

- एमसीबी : शॉर्ट सर्किट झालं की लाईन तोडतो.
- कॉन्टॅक्टर : कॉइलला वीज मिळाली की आतलं चुंबक ओढलं जातं आणि मोटारीकडे जाणारे तीन मुख्य कॉन्टॅक्ट जुळतात.
- ओव्हरलोड रिले : मोटार ठरलेल्यापेक्षा जास्त अँपिअर घेऊ लागली की थोड्या वेळाने कॉइलची वीज तोडतो.
- हिरवं आणि लाल बटण : हिरवं दाबल्यावर जुळतं, लाल दाबल्यावर तुटतं.
- होल्डिंग कॉन्टॅक्ट : कॉन्टॅक्टरवर १३-१४ असे आकडे असलेला छोटा कॉन्टॅक्ट. हिरव्या बटणावरून बोट काढल्यावरही कॉइल चालू ठेवण्याचं काम याचं.
- सिंगल फेज प्रिव्हेंटर : एक फेज गेला की मोटार थांबवतो.
- फ्लोट स्विच : टाकी भरली की सबमर्सिबल बंद करतो.

लक्षात ठेवा, पॅनलमध्ये दोन वेगळे मार्ग असतात. एक जाड वायरींचा, ज्यातून मोटारीचा प्रवाह जातो; त्याला पॉवर सर्किट म्हणतात. दुसरा बारीक वायरींचा, ज्यातून फक्त कॉइलचा प्रवाह जातो. ते कंट्रोल सर्किट. बिघाड या दोनपैकी कोणत्या मार्गात आहे हे ओळखलं की निम्मं काम झालं.

२) लक्षणावरून रोग ओळखा

पॅनल उघडण्याआधी मालकाला आणि गन धरणाऱ्या कामगाराला विचारा : नेमकं काय होतं? केव्हा होतं? सकाळी होतं की दुपारी? रोज होतं की कधीतरी? या उत्तरांनी बराच वेळ वाचतो.

*बटण दाबलं, काहीच होत नाही.* तीनही फेज येतात का पाहा. मग कंट्रोल सर्किट : रिले ट्रिप झालेला आहे का, लाल बटणाचा कॉन्टॅक्ट उघडाच राहिला का, कॉइल जळली का.

*बटण दाबून धरलं तरच चालते, सोडलं की बंद.* इथे होल्डिंग कॉन्टॅक्ट तपासा. तो काळा पडलेला असतो किंवा त्याची वायर सुटलेली असते.

*कॉन्टॅक्टर खटखट किंवा घों-घों वाजतो.* कमी व्होल्टेज, चुंबकाच्या तोंडावर धूळ-गंज, किंवा चुंबकातली शेडिंग रिंग तुटलेली. आधी व्होल्टेज मोजा.

*मोटार फक्त गुरगुरते, फिरत नाही.* एक फेज गेलेला असू शकतो. ताबडतोब बंद करा. चालू मोटारीचा एक फेज गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास जातो आणि वाइंडिंग जळतं.

*थोडा वेळ चालते आणि ट्रिप होते.* याबद्दल पुढच्या भागात सविस्तर बोलू, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

*लाल बटण दाबलं तरी मोटार थांबत नाही.* मुख्य कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटलेले असतात. मेन स्विच पाडा. तो कॉन्टॅक्टर पुन्हा वापरायचा नाही, घासूनपुसूनही नाही.

*गनला किंवा पॅनलच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.* काम तिथेच थांबवा. "थोडासाच करंट येतो" हे वाक्य ऐकून घ्यायचं नाही. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत मेन चालू करायचा नाही.

३) मोजण्याचा क्रम

अंदाजाने एकेक भाग बदलत बसू नका. बाहेरून आत, क्रमाने या.

पहिली पायरी : येणारी लाईन. मल्टिमीटरने तीनही फेजमधलं व्होल्टेज मोजा. प्रत्येक जोडीत ते ४१५ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ हवं. हे मोजमाप मोटार चालू असताना करा. रिकाम्या लाईनवर ४१० दाखवणारा मीटर मोटार उचलताच ३४० वर येतो, आणि खरी गोष्ट तेव्हा कळते.

दुसरी पायरी : कंट्रोल सर्किट. समजा आपल्या पॅनलमध्ये एका फेजपासून रिलेचा ९५-९६ कॉन्टॅक्ट, मग लाल बटण, मग हिरवं बटण, मग कॉइलचं ए१ टोक असा रस्ता आहे आणि कॉइलचं ए२ टोक दुसऱ्या फेजला जोडलेलं आहे. मीटरची एक पिन ए२ वर ठेवा आणि हलवू नका. दुसरी पिन रस्त्यातल्या एकेका टोकावर पुढे नेत जा. जिथपर्यंत ४१५ दिसतं तिथपर्यंत रस्ता चांगला. ज्या टोकानंतर ते दिसेनासं होतं, त्या दोन टोकांच्या मध्ये दोष आहे. हिरवं बटण अर्थातच दाबून धरावं लागेल, म्हणून या कामाला दोघं हवेत. काही पॅनलमध्ये कॉइल २३० व्होल्टची असते. तिथे ए२ न्यूट्रलला असतं आणि मीटर २३० दाखवतो.

हे चालू लाईनवरचं मोजमाप आहे. पायात रबरी तळाचे कोरडे बूट, खाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट, हातात इन्सुलेशन शाबूत असलेल्या पिना, आणि शेजारी जाणकार माणूस. फरशी ओली असेल तर आधी कोरडी करून घ्या. शिकाऊ मुलांनी हे काम एकट्याने कधीच करायचं नाही.

तिसरी पायरी : मुख्य कॉन्टॅक्ट. मोटार चालू असताना कॉन्टॅक्टरच्या प्रत्येक फेजच्या वरच्या आणि खालच्या टोकात व्होल्टेज मोजा. चांगल्या कॉन्टॅक्टवर ते जवळपास शून्य असतं. एखाद्या फेजवर काही व्होल्ट दिसले, तर तो कॉन्टॅक्ट खराब आहे आणि तिथे उष्णता तयार होते आहे.

चौथी पायरी : मोटार आणि पंप. क्लॅम्प मीटरने तीनही फेजचे अँपिअर मोजा आणि नेमप्लेटशी ताडून पाहा. मग लाईन बंद करून, मोटारीच्या वायरी पॅनलमधून सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग ते बॉडी इन्सुलेशन तपासा. १ मेगाओहमपेक्षा कमी दाखवलं तर मोटार सुरू करू नका. मेगर लावताना सिंगल फेज प्रिव्हेंटरसारखे इलेक्ट्रॉनिक भाग जोडलेले राहता कामा नयेत, नाहीतर ते जळतात.

४) एक उदाहरण सोडवून पाहू

समजा प्रेशर पंपाची मोटार ५ एचपीची आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. पॉवर फॅक्टर ०.८ आणि कार्यक्षमता ०.८५ धरू.

४१५ व्होल्टला प्रवाह = ३७३० ÷ (१.७३२ × ४१५ × ०.८ × ०.८५) = साधारण ७.६ अँपिअर.

आता दुपारी लाईन ३४० व्होल्टवर आली. पंपावरचा भार तोच आहे. मग,

३४० व्होल्टला प्रवाह = ३७३० ÷ (१.७३२ × ३४० × ०.८ × ०.८५) = साधारण ९.३ अँपिअर.

प्रत्यक्षात कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर थोडे बदलतात, पण दिशा हीच राहते. भार तोच आणि व्होल्टेज कमी, म्हणून अँपिअर जास्त. रिले ७.६ वर लावलेला आहे. तो हळूहळू तापतो आणि ट्रिप करतो. मालकाला वाटतं रिले म्हातारा झाला. खरं तर रिले त्याचं काम चोख करतोय. मोटारीचं वाइंडिंग वाचवतोय.

कॉन्टॅक्टरचंही तसंच. कॉइलवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या साधारण ८५ ते ११० टक्क्यांमध्ये तो नीट ओढेल अशी त्याची बनावट असते. ४१५ चे ८५ टक्के म्हणजे सुमारे ३५३. लाईन ३४० वर असेल तर नवाकोरा कॉन्टॅक्टरही खटखट वाजू शकतो. अशा ठिकाणी नवा पॅनल बसवून काय उपयोग? पैसे जातील, खटखट राहील. इथे उपाय वेगळा : सर्व्हिस वायर आणि जोड तपासणं, कॉम्प्रेसर आणि पंप एकाच वेळी सुरू न करणं, आणि मोजलेले आकडे वेळेसह लिहून महावितरणकडे तक्रार देणं. "व्होल्टेज येत नाही" या तक्रारीपेक्षा "दुपारी २ वाजता मोटार चालू असताना ३४० व्होल्ट" ही तक्रार वजनदार असते.

व्होल्टेज ठीक असूनही अँपिअर जास्त असतील तर पंपाकडे वळा. बेल्ट फार ताणलेला आहे का? बेअरिंग गेलंय का? जास्त प्रेशरसाठी रेग्युलेटर कोणी पिळून ठेवलाय का?

५) "डायरेक्ट" करू नका

हा भाग नीट वाचा. आपल्याकडे खंडेनवमी आणि दसऱ्याला प्रत्येक गाडी धुऊन पूजेला लागते. त्या दोन दिवसांत वॉशिंग सेंटरवर रांग लागते. नेमका त्याच वेळी रिले ट्रिप होऊ लागतो आणि कोणीतरी म्हणतं, "रिले डायरेक्ट करून दे, दोन दिवस निघू दे." दोन दिवसांसाठी घातलेली ती वायर पुढची पाच वर्षं तिथेच राहते.

रिले डायरेक्ट केला की मोटार जळते, हे नुकसान पैशाचं आहे. पण याच सवयीने पुढे अर्थिंगची सुटलेली वायर तशीच ठेवली जाते, आरसीसीबी ट्रिप होतो म्हणून काढून टाकला जातो. तिथे प्रश्न जिवाचा येतो.

थोडा हिशोब करा. रिले ७.६ अँपिअरवर लावला आहे, म्हणजे ७६०० मिलीअँपिअर. माणसाच्या शरीरातून काही दहा मिलीअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो. म्हणजे गन धरलेल्या मुलाला जीवघेणा शॉक बसत असताना रिलेला आणि एमसीबीला काहीच कळत नाही. ते त्यांचं कामच नाही. ते काम आरसीसीबीचं. तो ३० मिलीअँपिअरच्या गळतीला लाईन तोडतो. ७६०० आणि ३० : अडीचशे पटींचा फरक आहे. वॉशिंग सेंटरवरचा कामगार अनेकदा अनवाणी, ओल्या फरशीवर, हातात धातूची गन घेऊन उभा असतो. ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध बराच कमी असतो. म्हणून अशा जागी आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग ही चैन नाही. आणि एक असलं म्हणून दुसरं नसलं तरी चालेल, असंही नाही.

६) मग पॅनल बदलायचा केव्हा?

एकच भाग गेला असेल आणि बाकी पेटी निरोगी असेल तर तो भाग बदला. कॉइल, होल्डिंग कॉन्टॅक्ट, बटण, रिले हे सगळं सुटं मिळतं. पण खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पूर्ण पॅनल बदलणं शहाणपणाचं.

- पेटी गंजून भोकं पडली आहेत, आत पाण्याचे ओघळ आणि शाम्पूचे पांढरे डाग आहेत.
- वायरींचं इन्सुलेशन वाकवलं की तडकतं.
- जागोजागी डायरेक्ट केलेल्या वायरी आहेत आणि मूळ जोडणी कोणालाच सांगता येत नाही.
- मुख्य कॉन्टॅक्ट पुन्हा पुन्हा चिकटतात.
- आरसीसीबी आणि इमर्जन्सी स्टॉप बसवायला जागाच नाही.

मोठ्या शहरांतल्या स्वयंचलित सेंटरमध्ये पेटीत पीएलसी असतो. तिथे जुना पीएलसी काढण्याआधी त्यातला प्रोग्रॅम उतरवून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. काही जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम बॅटरीवर टिकून असतो. लाईन बंद असताना बॅटरी संपली की प्रोग्रॅमही गेला.

७) बदलण्याची पद्धत

१. मेन बंद करा, कुलूप लावा, "काम चालू आहे" अशी पाटी लावा. मग मीटर आधी चालू लाईनवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू लाईनवर लावून पाहा. मीटरच बंद असल्याने शून्य दिसलं, असं होऊ नये म्हणून ही तिहेरी तपासणी.

२. वायर सोडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक वायरला नंबर लावा, कागदावर आकृती काढा.

३. मोटारीच्या नेमप्लेटवरून एचपी, व्होल्टेज, अँपिअर लिहून घ्या. कॉन्टॅक्टर निवडताना त्याचं एसी-३ रेटिंग पाहा, कारण मोटारीसाठी तेच लागू पडतं. रिले असा घ्या की नेमप्लेटचा आकडा त्याच्या डायलच्या मध्यावर येईल.

४. कॉइलचं व्होल्टेज तपासा. २३० ची कॉइल ४१५ वर जोडली तर क्षणात जळेल. ४१५ ची २३० वर जोडली तर ओढणार नाही.

५. पेटी निदान आयपी ६५ ची घ्या, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याच्या साध्या फवाऱ्याला ती टिकेल. पण प्रेशर गनचा मारा त्याहून जोरदार असतो. म्हणून पेटी गनच्या टप्प्याबाहेर, सावलीत, उंचावर बसवा. केबल खालून आणा, ग्लँड लावा. वरून पाडलेल्या भोकातून केबल आणली तर आयपी ६५ कागदावरच राहील.

६. रॅम्पजवळ जे बटण ओल्या हाताने दाबायचं आहे, ते कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घेऊन २४ व्होल्टवर चालवा.

७. थ्री-फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडा. ३० मिलीअँपिअरचा चार पोलचा आरसीसीबी बसवा आणि त्याला न्यूट्रलही जोडा; न्यूट्रल नसेल तर बऱ्याच बनावटींचं टेस्ट बटण काम करत नाही.

८. सुरू केल्यावर फिरण्याची दिशा पाहा. सबमर्सिबल उलट फिरली तर पाणी कमी देते. कॉम्प्रेसरच्या चाकाची हवा हेडवर यायला हवी. दिशा चुकली तर कोणतेही दोन फेज अदलाबदल करा.

९. पूर्ण भारावर तीनही फेजचे अँपिअर आणि व्होल्टेज मोजून तारखेसह एका कार्डावर लिहा आणि ते पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी येणाऱ्या कारागिराला याहून मोठी मदत नाही.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. शिकताना त्यांच्या हाताखाली शिका.

८) पाण्याचा खटका विसरू नका

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना नीट आठवत असेल. म्हणून पॅनल बदलताना फ्लोट स्विचकडे दुर्लक्ष नको. तो चिकटला तर टाकी वाहत राहते. आणि उन्हाळ्यात बोअर आटलं तर सबमर्सिबल कोरडी चालून जळते. पाणी संपलं की मोटारीचे अँपिअर उतरतात. ड्राय रन प्रिव्हेंटर ते ओळखून मोटार थांबवतो. नव्या पॅनलमध्ये तो जरूर बसवा. मोटारही वाचते आणि पाणी कुठे संपलं हेही वेळेवर कळतं.

स्वाध्याय

१. हिरवं बटण दाबून धरल्यावर मोटार चालते, सोडल्यावर थांबते. कोणता कॉन्टॅक्ट तपासाल? का?

२. ३ एचपी मोटारीचा ४१५ व्होल्ट आणि ३५० व्होल्टला प्रवाह काढा. पॉवर फॅक्टर ०.८ आणि कार्यक्षमता ०.८५ धरा. दोन्हींतला फरक रिलेच्या भाषेत सांगा.

३. एमसीबी, ओव्हरलोड रिले आणि आरसीसीबी : कोण कोणाला वाचवतो? प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

४. आपल्या गावातल्या एका वॉशिंग सेंटरला शिक्षकांसोबत भेट द्या. पेटी न उघडता, फक्त बाहेरून पाहून पाच गोष्टी नोंदवा : पेटीची जागा, केबल कुठून येते, अर्थिंगची पट्टी दिसते का, आरसीसीबी आहे का, कामगाराच्या पायात काय आहे. आरसीसीबी असेल तर मालकाला त्याचं टेस्ट बटण दाबून दाखवायला सांगा. लाईन तुटली नाही, तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना तिथेच समजावून सांगा.